नाव, वेष आणि स्वर : गायक फ्रेडी मर्क्युरी

गायकाची ओळख त्याच्या कंठाने होते असे आपण सर्वसाधारणपणे समजतो. परंतु विसाव्या शतकात तबकडी, नभोवाणी, वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी ह्या साधनांनी गायकाला घरोघर नेऊन पोचविले. तेव्हापासून त्याच्या स्वराबरोबरच त्याचे नाव, त्याचा वेष, त्याची केशरचना, किंबहुना त्याचे खाजगी जीवनसुद्धा लोकांच्या चर्चेचा विषय होऊन बसले. ह्या साऱ्यांतून लोकांच्या मनात गायकाचे जे चित्र उभे राहते त्याला आपण लोकप्रतिमा म्हणू. ही प्रतिमा कोण घडवितो, ती का बदलते, आणि तिच्या आड खरा माणूस कितपत दिसतो, हे समजून घेण्यासाठी इंग्लंडमधील ‘क्वीन’ ह्या वाद्यवृंदाचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी ह्याचे चरित्र फार उपयुक्त आहे असे आम्हांस वाटते.

पाश्चात्त्य देशांत तरुण पिढीसाठी रचलेले, ठेक्यावर बांधलेले आणि तबकड्यांच्या द्वारा पसरणारे जे लोकप्रिय गाणे, त्यास ‘पॉप’ म्हणतात. त्याचाच अधिक जोरकस आणि विद्युत्-गिटारीच्या निनादाने भरलेला प्रकार तो ‘रॉक’. फ्रेडी ह्या दोन्ही प्रांतांत सहज वावरत असे. त्याची निवड करण्याचे आणखी एक कारण असे की, त्याच्या शालेय जीवनाची बहुतेक वर्षे सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे गेली आणि ही गोष्ट आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक नसते.

पाचगणीचा विद्यार्थी

फ्रेडीचे मूळ नाव फारोख बुलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात झाला. बुलसारा हे आडनाव गुजरातेतील बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, ह्या गावावरून पडले आहे. बडोद्याकडील वाचकांना ते परके वाटणार नाही. लवंगांसाठी प्रसिद्ध असलेले झांझिबार तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि फारोखचे वडील बोमी बुलसारा तेथील सरकारी कचेरीत रोखपाल होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईवडिलांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास बोटीने भारतात पाठविले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स ह्या निवासी शाळेत घातले.

आईबाप समुद्रापलीकडे, सुट्ट्या मुंबईच्या नातेवाइकांकडे आणि वर्षाचा उरलेला काळ वसतिगृहात, असे त्याचे बालपण गेले. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात अधिक होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले दिसत. मुले त्याला त्यावरून चिडवीत. हसताना ओठांनी किंवा हाताने दात झाकण्याची सवय त्याला लागली, ती पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही सुटली नाही. विपुल द्रव्य मिळाल्यावरसुद्धा त्याने ते दात काढून घेतले नाहीत. जबड्याची ठेवण बदलली तर आवाजही बदलेल अशी त्याला धास्ती होती. रूपाविषयी एवढा संकोच असणाऱ्या माणसाने स्वर आणि रूप ह्यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा स्वराच्या बाजूने कौल दिला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू.

संगीतातील त्याची गती प्रथम शाळेच्याच लक्षात आली. मुख्याध्यापकांनी आईवडिलांना पत्र लिहून त्याला पियानो शिकविण्याची अनुमती मागितली आणि त्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. बाराव्या वर्षाच्या सुमारास चार सोबत्यांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद उभारला. त्यात मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फारोख पियानोवर बसे. ‘फ्रेडी’ हे सुटसुटीत नाव त्याला ह्याच शाळेत मिळाले. पुढे जे नाव लाखो लोकांच्या तोंडी झाले, त्याचा पूर्वार्ध असा पाचगणीचा आहे.

नवा देश आणि नवे नाव

१९६३ मध्ये फ्रेडी झांझिबारला परतला. परंतु जानेवारी १९६४ मध्ये तेथे राज्यक्रांती होऊन मोठा रक्तपात झाला. बुलसारा कुटुंबाला बेट सोडावे लागले आणि ते लंडनजवळच्या फेल्टम येथे येऊन राहिले. वयाच्या सतराव्या वर्षी फ्रेडीला तिसऱ्यांदा नव्या मुलखात रुजावे लागले. त्याने ईलिंग येथील कलाविद्यालयात आरेखनकलेचे शिक्षण घेऊन १९६९ मध्ये पदविका मिळविली. पोटापाण्यासाठी त्याने लंडनच्या केन्सिंग्टन बाजारात जुने कपडे विकण्याचे दुकानही चालविले. वेषाची आणि रंगसंगतीची जी जाण पुढे रंगमंचावर दिसली, तिची तयारी येथे झाली.

१९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि पडघमवादक रॉजर टेलर ह्यांच्या वाद्यवृंदात तो गायक म्हणून दाखल झाला. १९७१ मध्ये जॉन डीकन हा चौथा साथीदार मिळाला. वाद्यवृंदाला ‘क्वीन’ म्हणजे ‘राणी’ हे नाव फ्रेडीनेच सुचविले. त्याचे मानचिन्हही त्याने स्वतः रेखाटले : चौघांच्या जन्मराशींवरून दोन सिंह, एक खेकडा आणि कन्याराशीच्या दोन पऱ्या, मध्ये मुकुट आणि वर पंख पसरलेला फीनिक्स, म्हणजे स्वतःच्या राखेतून पुन्हा जन्म घेणारा पुराणातील पक्षी. ह्याच काळात त्याने बुलसारा हे आडनाव टाकून ‘मर्क्युरी’ हे नाव धारण केले. ह्या शब्दाचे अर्थ तीन : बुध हा ग्रह, रोमन पुराणातील देवांचा दूत, आणि पारा. पारा जसा चिमटीत सापडत नाही, तसा हा गायकही पुढे कोणत्याही एका रूपात ठरला नाही.

नाव बदलण्यामागे त्याच्या मनात काय होते, ह्याविषयी तर्क करण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र काळ कसा होता ते सांगता येते. १९६८ मध्ये ब्रिटिश संसदेने पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या आशियाई लोकांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा केला होता आणि परदेशातून आलेल्या लोकांविरुद्ध उघड भाषणे होत होती. अशा समाजात फारोख बुलसारा ह्या नावाने रॉक गायक म्हणून उभे राहणे सोपे नव्हते. मुलाखतींतून तो झांझिबार आणि पाचगणी ह्यांविषयी क्वचितच बोले. प्रतिमा घडविताना काही गोष्टी पुढे आणाव्या लागतात, त्याचप्रमाणे काही झाकाव्याही लागतात, हा पहिला धडा आपणांस येथे मिळतो.

वेषामागून वेष

क्वीनची पहिली मोठी तबकडी १९७३ मध्ये निघाली. त्या काळचा फ्रेडी म्हणजे खांद्यापर्यंत रुळणारे केस, काळ्या रंगाने रंगविलेली नखे, आणि झँड्रा ऱ्होड्स ह्या वेषरचनाकार स्त्रीने शिवलेला पंखासारख्या चुण्यांचा शुभ्र अंगरखा. त्याच्या हातातील ध्वनिक्षेपकाच्या अर्ध्या दांड्याची कथा मोठी मनोरंजक आहे. प्रारंभीच्या एका कार्यक्रमात दांड्याचा खालचा जड भाग निखळला. फ्रेडी न थांबता तो अर्धाच दांडा हाती धरून गात राहिला. पुढे तो अर्धा दांडा हीच त्याची खूण बनली. जी गोष्ट एखाद्याने अपघात म्हणून झाकली असती, तिला त्याने आपल्या शैलीत सामावून घेतले.

३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे त्याने रचलेले गीत प्रसिद्ध झाले. त्याची लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. नभोवाणीवर त्या वेळी तीन मिनिटांच्या आसपासची गीते लावीत, म्हणून इतके लांब गीत कोणी ऐकणार नाही असे व्यवहारज्ञांचे मत पडले. शिवाय ह्या गीताला ठरलेले धृपद नाही. संथ आरंभ, मध्ये पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या थाटाचे समूहगायन, नंतर रॉकचा गजर आणि शेवटी पुन्हा शांतता, अशी त्याची रचना आहे. मधला समूह शेकडो कंठांचा वाटतो. प्रत्यक्षात फ्रेडी, मे आणि टेलर ह्या तिघांनीच ध्वनिफितीवर एकावर एक स्वरांचे थर चढवून तो निर्माण केला, आणि ह्या कामास सुमारे तीन आठवडे लागले. ते गीत इंग्लंडमध्ये सलग ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. २०२३ मध्ये फ्रेडीच्या वस्तूंचा लंडनमध्ये लिलाव झाला, त्या वेळी ह्या गीताचे हस्तलिखित लोकांपुढे आले. त्यावर ‘बोहेमियन’च्या जागी आधी ‘मंगोलियन’ हा शब्द लिहून खोडलेला आहे. ज्या गायकाची ख्याती मनस्वी आणि विलासी अशी होती, त्याच्या कागदांवर खाडाखोड आणि फेरविचार ह्यांच्या खुणा आहेत, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

१९७६–७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘पंक’ नावाची साधी, रांगडी गायनपद्धती पुढे आली आणि संगीतविषयक नियतकालिके फ्रेडीच्या भरजरी थाटाची टर उडवू लागली. क्वीनने ह्याच काळात श्रोत्यांनाच गाण्यात सामील करून घेणारी गीते रचली. दोनदा पाय आपटावयाचे आणि एकदा टाळी वाजवावयाची, एवढ्या साध्या ठेक्यावर मे ह्याने एक गीत बांधले. विजयोत्सवात सर्वांनी मिळून गाता येईल असे दुसरे गीत फ्रेडीने रचले. कीर्तनात टाळकरी धृपद उचलतात, तसे प्रेक्षागार गाऊ लागले. आजही क्रीडांगणांवर ही गीते ऐकू येतात.

१९८० मध्ये त्याने केस बारीक कापले आणि जाड मिशा राखल्या. जुन्या रूपावर प्रेम करणारे रसिक इतके नाराज झाले की, अमेरिकेतील कार्यक्रमांत काहींनी दाढीची पाती आणि नखे रंगविण्याच्या बाटल्या रंगमंचावर फेकल्या. लोकांना प्रतिमा आपल्या मालकीची वाटू लागते, ती अशी. फ्रेडीने मिशा काढल्या नाहीत, आणि त्याच वर्षी क्वीनची दोन गीते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली.

१९८४ मध्ये एका गीताच्या चित्रफितीत चौघांनी स्त्रीवेष घेतला. ती इंग्लंडमधील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेची थट्टा होती. इंग्लंडमध्ये लोक पोट धरून हसले. अमेरिकेत मात्र अनेकांना ती रुचली नाही. मराठी वाचकाला ह्यात एक बोध सहज सापडेल. नारायण श्रीपाद राजहंस ह्या पुरुष नटाच्या शालूची आणि अंबाड्याची नक्कल आपल्या समाजातील कुलीन स्त्रिया करीत आणि त्याला आपण बालगंधर्व म्हणून मस्तकी धरले. वेष एकच, पण एका समाजात तो कला ठरतो, दुसऱ्यात विनोद, तिसऱ्यात अपराध. प्रतिमेचा निम्मा भाग पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो.

खरा डाग आणि खरी परीक्षा

मिशा आणि वेष ह्यांवरील आक्षेप वरवरचे होते. १९८४ च्या ऑक्टोबरात मात्र निराळाच प्रसंग आला. दक्षिण आफ्रिकेत वर्णविद्वेषाचे राज्य होते आणि तेथे कलावंतांनी कार्यक्रम करू नयेत असे आवाहन संयुक्त राष्ट्रसंघाने केले होते. तरीही क्वीनने तेथील सन सिटी ह्या ठिकाणी कार्यक्रम केले. ब्रिटनमधील संगीतकारांच्या संघटनेने त्यांना दंड केला आणि सर्वत्र टीका झाली. आम्ही राजकारणासाठी नव्हे, गाण्यासाठी गेलो, असा बचाव त्यांनी केला; पण तो पुष्कळांना पटला नाही आणि आम्हांसही पटत नाही. चाहत्यांच्या आवडीनिवडीला कलावंताने वश होऊ नये हे खरे; परंतु माणुसकीचा प्रश्न हा आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. हा भेद ओळखता आला नाही म्हणजे स्वातंत्र्याचे रूपांतर बेपर्वाईत होते.

पुढल्याच वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी लंडन व फिलाडेल्फिया येथे ‘लाइव्ह एड’ हा विराट कार्यक्रम झाला. लंडनच्या वेम्ब्ली क्रीडागारात सुमारे ७२,००० श्रोते होते आणि दूरचित्रवाणीवरून अनेक देशांतील कोट्यवधी लोक पाहत होते. प्रत्येक वाद्यवृंदाला थोडाच वेळ दिला होता. क्वीनने आपल्या सुमारे वीस मिनिटांसाठी आधी कसून तालीम केली, लांबलचक भाग गाळले आणि गीतांची नेमकी मांडणी केली. फ्रेडी आला तो अंगात पांढरी बिनबाह्यांची बंडी आणि साधी विजार घालून. चुण्यांचा अंगरखा नाही, मुकुट नाही, धुराचे ढग नाहीत. त्याने एक तान घ्यावी आणि सहस्रावधी लोकांनी ती परत द्यावी, असा खेळ दिवसाढवळ्या रंगला. क्वीनच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेला हा कार्यक्रम ज्या वेषात झाला, तो वेष कोणालाही सहज मिळण्याजोगा होता. त्या दिवशी त्याच्या कामी आली ती वीस वर्षांची मेहनत आणि श्रोत्यांशी बोलणारा स्वर.

मौन आणि शेवट

रंगमंचावर उद्दाम दिसणारा हा गायक प्रत्यक्षात लाजाळू होता आणि मुलाखती टाळी. त्याच्या आयुष्यात स्त्रीचे प्रेम होते आणि पुरुषांचेही होते. त्याविषयी तो जाहीरपणे क्वचितच आणि आडवळणानेच बोले. १९८७ मध्ये त्याला एड्सच्या विषाणूची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले. त्या काळी ह्या रोगावर परिणामकारक उपचार नव्हते आणि रोग्याकडे दयेपेक्षा तिरस्काराने पाहिले जाई. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार त्याच्या दारापुढे ठाण मांडून बसत. फ्रेडी मात्र काम करीत राहिला. स्पेनमधील विख्यात संगीतनाट्य-गायिका मोंत्सेरात काबाये हिच्याबरोबर त्याने ‘बार्सेलोना’ ही तबकडी केली. ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. चालणे कठीण झाल्यावरही तो ध्वनिमुद्रणास उभा राही. मे १९९१ मध्ये त्याची शेवटची चित्रफीत घेतली गेली. ती कृष्णधवल आहे आणि तीत तो अतिशय कृश दिसतो.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून आपणास एड्स असल्याचे जगाला सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. अंत्यविधी लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाला. ज्या ओळखीविषयी तो जन्मभर अबोल राहिला, ती अखेरीस त्याच्या सोबत होती. त्याने आधीच सांगावयास हवे होते असे काही म्हणाले. आजारपण हा प्रत्येकाचा खाजगी प्रश्न आहे असे इतर म्हणाले. आम्हांस दुसरे मत अधिक न्याय्य वाटते. त्याच्या मृत्यूनंतर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा प्रसिद्ध होऊन पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेस देण्यात आले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्लीत स्मृतिसोहळा झाला आणि त्याच्या नावाने एड्सविरोधी कार्यासाठी निधी उभा राहिला. निधीच्या नावात मानचिन्हावरील तो फीनिक्स पक्षीही आहे.

प्रतिमा माणसामागेही बदलत राहते. २०१८ मध्ये त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि त्याने चार ऑस्कर पारितोषिके मिळविली. त्यात फ्रेडी आपल्या आजाराची वार्ता साथीदारांना ‘लाइव्ह एड’च्या पूर्वी सांगतो असे दाखविले आहे. वास्तविक रोगनिदान त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी झाले. नाट्याच्या सोयीसाठी कालक्रम बदलला, आणि आता असंख्य लोक तोच इतिहास समजतात. चित्रपट जरूर पाहावा, पण सन मात्र ताडून पाहावा. फेल्टमच्या त्याच्या घरावर २०१६ मध्ये स्मृतिफलक लागला आहे. फारोख बुलसारा हे नाव आज चाहत्यांना ठाऊक झाले आहे आणि त्याच्या शोधात ते पाचगणीपर्यंतही येतात.

आपण काय घ्यावे?

विद्यार्थिमित्रांनो, आज छायाचित्र काढून क्षणात जगभर पाठविण्याचे साधन घरोघरी आले आहे. त्यामुळे प्रतिमा घडविण्याचा उद्योग प्रसिद्ध गायकांपुरता उरला नाही. तो आपणही करू लागलो आहोत. त्यातून आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची भाषा एक आणि रस्त्यावरची दुसरी. आपले नाव, आपली बोली, आपल्या डब्यातील पदार्थ ह्यांविषयी चारचौघांत संकोचण्याचे प्रसंग ह्या वयात येतात. फ्रेडीला ते आपल्याहून कितीतरी तीव्रपणे सोसावे लागले. त्याने नाव बदलले, म्हणून त्यास दोष देण्याचे कारण नाही. पण ज्या जगात त्याला नाव बदलणे सोयीचे झाले, ते जग थोडे अधिक मोकळे करणे आपल्या हाती आहे. वर्गात नवीन आलेल्या मुलाचे नाव नीट विचारून नीट उच्चारणे, कोणाच्या दातांवरून किंवा बोलण्यावरून त्याला न चिडविणे, येथपासून त्याचा आरंभ होतो.

आणि कोणत्याही कलावंताविषयी मत बनविताना तीन गोष्टी विचाराव्यात. हे चित्र कोणी रंगविले? त्यातून काय गाळले गेले? आणि चित्र बाजूला ठेवले असता त्याचे काम कसे उभे राहते? फ्रेडीच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळविणे सोपे आहे. डोळे मिटून त्याचे एखादे गीत ऐकावे. केस, मिशा आणि अंगरखे त्या वेळी दिसत नाहीत. ऐकू येतो तो स्वर, जो सांभाळण्यासाठी पाचगणीच्या त्या मुलाने आपले दात तसेच राहू दिले होते.